पंधरा बाइटांचं डहाणू

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या मोठ्या पट्ट्यातली वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल बंद पडले आणि ऐन कोविडच्या दिवसांत रुग्णालयांवर जनरेटर सुरू करायची वेळ आली. त्या गोंधळात अदानी इलेक्ट्रिसिटीने कळवलं की डहाणूच्या औष्णिक केंद्रातून सुमारे ३८५ मेगावॉट वीज मुंबईतल्या अत्यावश्यक सेवांना मिळते आहे. खाडीकाठचं हे केंद्र २५० मेगावॉटच्या दोन संचांचं आहे. १९९५ पासून ते मुंबईच्या उपनगरांचे दिवे लावतंय, पण त्याची आठवण मुंबईला अशाच दिवशी होते.

वीज काही तासांत परतली. ती गेली का, याचा वाद मात्र महिनोन्‌महिने चालला. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीच्या अहवालाचा हवाला देऊन बातमी दिली: भारताच्या वीज यंत्रणेत चिनी गटांनी घुसवलेली मालवेअर आढळली आहे आणि मुंबईच्या अंधाराशी तिचा संबंध असू शकतो. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालावरून घातपाताची शक्यता बोलून दाखवली. त्यानंतर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ही मानवी चूक होती. दोघांचं म्हणणं जुळत नव्हतं. आणि ज्यांनी मूळ अहवाल लिहिला, त्यांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं की वीज यंत्रणेच्या आत आम्हाला प्रवेश नसल्यामुळे खुद्द तो कोड आम्ही तपासू शकलेलो नाही.

म्हणजे ज्या फाईलवरून सगळा वाद, ती फाईलच लोकांसमोर नव्हती. त्यामुळे कोणी कोणावर विश्वास ठेवायचा, एवढाच प्रश्न उरला.

मुंबईच्या त्या अंधाराच्या एक वर्ष आधी अगदी उलटं घडलं होतं. त्याची जागा तमिळनाडूतलं कुडनकुलम असली, तरी तिथलं अणुऊर्जा केंद्र चालवणारी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआयएल, पालघर जिल्ह्याला घरची. डहाणू रोडहून चर्चगेटच्या गाडीत बसलं की वाणगावनंतर येणाऱ्या बोईसरला उतरून ज्या तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात जायचं, तेही याच महामंडळाचं. तारापूरचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, २८ ऑक्टोबर २०१९ ला, जगभरचे सायबर अभ्यासक एका फाईलभोवती जमले होते. योगायोगच, पण मजेशीर.

ती फाईल ‘व्हायरसटोटल’ या सार्वजनिक तपासणी सेवेवर कोणीतरी चढवली होती. ‘डीट्रॅक’ जातीची मालवेअर. कॅस्परस्की या कंपनीने या जातीचं वर्णन त्याच्या महिनाभर आधीच प्रसिद्ध केलं होतं: दाबलेल्या कळा टिपून घेणारी, ब्राउझरचा इतिहास, चालू असलेले प्रोग्रॅम आणि डिस्कवरच्या फाईलींच्या याद्या गोळा करणारी. तिचं एक भावंड भारतीय एटीएममध्ये कार्डांची माहिती चोरताना सापडलं होतं. कॅस्परस्कीने ही सगळी वंशावळ ‘लॅझरस’ या उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या गटापर्यंत नेली होती. पण व्हायरसटोटलवरचा नमुना उलगडला तेव्हा त्याच्या पोटात एक ओळ निघाली, ती या जातीच्या बाकी नमुन्यांत असण्याचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या संगणकाची सी-ड्राइव्ह जोडून घेण्याची विंडोजची आज्ञा, दहापासून सुरू होणारा एक अंतर्गत पत्ता, पासवर्ड, आणि वापरकर्त्याचं नाव: ‘केकेएनपीपी’च्या जाळ्यातला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’.

केकेएनपीपी म्हणजे कुडनकुलम न्यूक्लिअर पॉवर प्लांट.

अंतर्गत पत्ता आणि पासवर्ड बाहेर बसून अंदाजाने लिहिता येत नाही. म्हणजे फाईल रचणारा आधी एकदा आत जाऊन आला होता. २९ तारखेला कुडनकुलम केंद्राने नियंत्रण यंत्रणेवर सायबर हल्ला शक्यच नाही, असं पत्रक काढलं. ३० तारखेला एनपीसीआयएलने मान्य केलं: मालवेअर सापडल्याची गोष्ट खरी आहे, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ४ सप्टेंबरलाच तसं कळवलं होतं, बाधित संगणक प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यातला होता आणि महत्त्वाच्या अंतर्गत जाळ्यापासून तो वेगळा होता. दोन दिवसांत नकाराचा होकार झाला. सरकारी कारभारात इतका वेग सहसा दिसत नाही. या वेळी फरक एवढाच होता की फाईल कोणालाही उघडून पाहता येत होती.

उघडून म्हणजे डबल-क्लिक करून नव्हे. तसं केलं तर ती चालायला लागेल. ती न चालवता आतलं वाचायचं असेल तर आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत जावं लागतं. तिथे ‘ऑब्जडंप’, ‘एनएम’, ‘रीडएल्फ’ आणि ‘स्ट्रिंग्ज’ ही चार अवजारं मिळतात. ‘जीएनयू बायनरी युटिलिटीज’, बोलीभाषेत ‘बिनयुटिल्स’, या फुकट संचातली ती भावंडं. लिनक्सवर कंपायलर बसवला की ती सोबत येतात. मॅकवर ‘ओटूल’ आणि विंडोजच्या विकासकांकडे ‘डंपबिन’ हेच काम करतं.

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस वाचता येईल असा मजकूर लिहितो. कंपायलर त्याचं यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करतो. या रूपांतरात टिपणं गळतात, चलांची नावं बहुतेक वेळा जातात, लेखकाने एखादी ओळ का लिहिली हे तर कायमचं जातं. सुका बोंबील पाहून तो कोणत्या बोटीच्या जाळ्यात आला हे डहाणूच्या बाजारातली मावशीही सांगू शकत नाही. पण तो बोंबीलच आहे, कितपत वाळलाय आणि मीठ किती लागलंय, हे ती हात न लावता सांगते. ऑब्जडंपची ताकद साधारण तेवढीच, आणि पुष्कळदा तेवढी पुरते.

एक छोटा प्रयोग घेऊ. सी भाषेतला चार ओळींचा प्रोग्रॅम, काम एकच: पडद्यावर मराठीत ‘डहाणू’ छापायचं. जीसीसी हा कंपायलर वापरून त्याची ‘ऑब्जेक्ट फाईल’ करायची, म्हणजे अर्धी वाट चाललेली, अजून पूर्ण न जोडलेली फाईल. (जीसीसी आतून कसा चालतो, यावर पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या गटाने अनेक वर्षं काम केलं आणि देशभरच्या विद्यार्थ्यांना शिकवलंही. मराठी मुलखाला हा विषय परका नाही.)

आता या फाईलवर ‘एनएम’ चालवलं की दोनच ओळी येतात. पहिलीत ‘मेन’ हे नाव आणि त्याच्याआधी इंग्रजी ‘टी’: म्हणजे हे काम याच फाईलच्या ‘टेक्स्ट’ विभागात आहे. दुसरीत ‘पुट्स’ आणि त्याआधी ‘यू’: म्हणजे पडद्यावर छापणारं हे काम इथे नाही, बाहेरून आणायचंय. दोन ओळींत फाईलचा जमाखर्च समजतो, स्वतःचं काय आणि उसनं काय. संशयित फाईलीचा पहिला अंदाजही असाच येतो. जो कॅल्क्युलेटर जाळ्यावर माहिती पाठवणारी आणि कळा टिपणारी कामं बाहेरून मागवतो, त्याला बेरीज-वजाबाकीत रस नसणार.

मग ‘ऑब्जडंप’ला ‘-डी’ जोडून तीच फाईल द्यायची. यंत्राचे आकडे डावीकडे आणि त्यांचा अर्थ उजवीकडे, अशी यादी पडद्यावर येते. इंटेलच्या ६४-बिट यंत्रावर ‘५५’ म्हणजे जुना संदर्भ रचून ठेव, ‘४८ ८९ ई५’ म्हणजे नवा संदर्भ धर, शेवटचं ‘सी३’ म्हणजे परत जा. मधे एक जागा थांबून पाहण्यासारखी: ‘ई८ ०० ०० ०० ००’. ‘ई८’ म्हणजे दुसऱ्या कामाला हाक मार. कोणाला, त्याचा पत्ता पुढच्या चार बाइटांत असायला हवा, आणि तिथे चार शून्यं आहेत. चूक नाही ही. ‘पुट्स’ कुठे राहतं हे कंपायलरला अजून माहीत नाही, म्हणून त्याने जागा मोकळी सोडली आणि शेजारच्या तक्त्यात नोंद केली की इथे नंतर पत्ता भरावा. तो भरणारा ‘लिंकर’. ऑब्जेक्ट फाईल आणि चालणारा प्रोग्रॅम यांच्यातला फरक पुस्तकात पानभर समजावलेला असतो. इथे तो चार शून्यांत दिसतो.

आणि ‘डहाणू’ कुठे गेलं? ते ‘रोडेटा’ नावाच्या विभागात, म्हणजे फक्त वाचायच्या मजकुराच्या कप्प्यात. ‘ऑब्जडंप’ला हा विभाग जसाच्या तसा दाखवायला सांगितलं की एकच ओळ येते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ड म्हणजे ‘ई० ए४ ए१’, ह म्हणजे ‘ई० ए४ बी९’, काना ‘ई० ए४ बीई’, ण ‘ई० ए४ ए३’ आणि दीर्घ उकार ‘ई० ए५ ८२’. पाच चिन्हं, पंधरा बाइट. शेवटी मजकूर संपला असं सांगणारं एक शून्य. एकूण सोळा, आणि ऑब्जडंपची एक ओळही सोळाच बाइटांची. डहाणू त्यात काटेकोर बसतं. तलासरीची चिन्हं सहा, म्हणून बाइट अठरा. ते दुसऱ्या ओळीत सांडतं. इंग्रजी लिपीत डहाणू सहा बाइटांत आटोपतं.

याच ओळीच्या उजव्या कडेला ऑब्जडंप वाचता येणारी अक्षरं दाखवतो. तिथे डहाणूच्या जागी सोळा टिंबं असतात. ‘स्ट्रिंग्ज’ हे अवजार तर त्याही पुढचं: ते फाईलीतला वाचनीय मजकूर शोधून काढतं, पण त्याची वाचनीयतेची कल्पना साध्या इंग्रजी चिन्हांची, सलग किमान चार. ‘डहाणू’ इंग्रजीत लिहिलं असेल तर ते लगेच सापडतं. मराठीत लिहिलं असेल तर नेहमीच्या पद्धतीने चालवलेलं ‘स्ट्रिंग्ज’ शेजारून निघून जातं आणि काही सापडल्याचं कळवतही नाही. ‘-ई’ हा पर्याय आणि पुढे मोठ्या लिपीतला ‘एस’ दिला की आठही बिटांची चिन्हं धरली जातात आणि डहाणू दिसू लागतं. २०२२ पासूनच्या आवृत्त्यांत युनिकोडसाठी वेगळा पर्यायही आहे. मराठी, गुजराती किंवा हिंदी संदेश पोटात घेऊन फिरणारी फाईल तपासणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं. नाहीतर आत काही नाही असा दाखला तो खुशाल देईल.

फाईलची जात ओळखायला तर पहिले दोन-चार बाइट पुरतात. लिनक्स आणि अँड्रॉइडच्या यंत्रफाईली ‘७एफ’ने सुरू होतात आणि पुढे ‘ई’, ‘एल’, ‘एफ’ ही अक्षरं येतात. विंडोजच्या चालत्या फाईलीची पहिली दोन अक्षरं ‘एमझेड’: मायक्रोसॉफ्टमधले मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. झिप फाईल ‘पीके’ने उघडते: फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. नावापुढे कोणी ‘पीडीएफ’ लिहिलं किंवा फोटोचं चित्र लावलं, तरी ही अक्षरं हलत नाहीत.

ही अवजारं सर्वज्ञ मात्र नाहीत. नावांचा तक्ता फाईलीतून काढून टाकता येतो. मग ‘एनएम’ सरळ सांगतो की नावं नाहीत. मालवेअर लिहिणारे आपला खरा कोड कूटबद्ध करून बाहेर एक निरुपद्रवी दिसणारं आवरण चढवतात; ते उलगडल्याशिवाय ऑब्जडंपला फक्त आवरण दिसतं. फसवणारे खोटा मजकूरही मुद्दाम पेरतात, म्हणजे दोष दुसऱ्या देशावर जावा. आणि अवजारातही खोट असू शकते. २०१४ मध्ये मिहाउ झालेव्स्की या सुरक्षा अभ्यासकाने दाखवून दिलं की ‘स्ट्रिंग्ज’सारखी गरीब आज्ञासुद्धा मुद्दाम बिघडवलेल्या फाईलीवर चालवली तर घात करू शकते, कारण ती नुसता मजकूर शोधत नव्हती, फाईलीची रचना समजून घ्यायलाही जात होती. पुढे तिची ही सवय बदलण्यात आली. तरीही अनोळखी फाईल आपल्या रोजच्या संगणकावर न उघडता वेगळ्या आभासी यंत्रात पाहावी, हा शहाण्यांचा नियम आहे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा तशी जुनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेले संगणक येऊ लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय त्या फाईलींच्या आत शिरले. ‘मायकेलअँजेलो’ नावाचा, ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरची माहिती पुसणारा व्हायरस त्या काळात जगभर गाजत होता. त्यावरच्या उताऱ्यांतूनच पुढे ‘क्विक हील’ ही व्हायरसविरोधी कंपनी उभी राहिली. व्हायरसचा मूळ मजकूर कोणी पाठवत नसतो. हातात असते ती फक्त यंत्राची फाईल, आणि तिच्यातूनच उतारा शोधायचा असतो.

आज हेच ज्ञान प्रामाणिक ॲपवाल्यांनाही लागतं. अँड्रॉइडच्या नव्या फोनांत स्मृतीचं पान ४ ऐवजी १६ केबीचं असू शकतं, म्हणून गूगलने नोव्हेंबर २०२५ पासून नव्या अँड्रॉइडसाठीच्या ॲपनी त्याला जुळवून घेण्याची अट घातली. आपलं ॲप जुळतं का, हे तपासायला गूगलच्याच मार्गदर्शिकेत ऑब्जडंपची आज्ञा दिली आहे: ‘लोड’ म्हणून आलेल्या ओळींत दोनचा चौदावा घात किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की झालं.

पण डहाणू-तलासरीच्या माणसाला या सगळ्याचा रोजचा उपयोग दुसरीकडे आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतून अच्छाडला गुजरातची हद्द गाठतो. या रस्त्यावर ट्रक, टेम्पो, इको आणि रिक्षा चालवून पोट भरणारी घरं दोन्ही तालुक्यांत आहेत. अशा माणसाच्या व्हॉट्सॲपवर ‘तुमच्या वाहनाचं चलान’ म्हणून एक एपीके फाईल, म्हणजे ॲप बसवायची फाईल येते, सोबत आरटीओचं चिन्ह आणि दंडाची रक्कम. गेली काही वर्षं हा प्रकार देशभर चालू आहे. लग्नपत्रिका, बँकेचं केवायसी आणि पीएम-किसान ही त्याचीच सोंगं. महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला चलान खरं वाटणारच. फाईल बसवली, मागेल ती परवानगी दिली, की फोनवर येणारे ओटीपी परस्पर चोराकडे जातात.

या फाईलीत काय असतं, हे ती न बसवता पाहता येतं. एपीके ही मुळात झिप फाईल. पहिली अक्षरं तीच, ‘पीके’. संगणकावर ‘अनझिप’ला ‘-एल’ जोडून ती दिली की आतल्या वस्तूंची यादी येते: ‘डेक्स’ हा जावा-कोटलिनचा कंपाइल केलेला कोड, ‘लिब’ कप्प्यातल्या एल्फ जातीच्या यंत्रफाईली, चित्रं, आणि ‘मॅनिफेस्ट’ म्हणजे ॲपचं मागणीपत्रक. यंत्रफाईलींवर ऑब्जडंप आणि रीडएल्फ नेहमीप्रमाणे चालतात. मॅनिफेस्ट साध्या मजकुरात नसतो. त्यासाठी अँड्रॉइडच्या विकासक संचात ‘एएपीटी’ नावाची आज्ञा आहे. तिला ‘डंप परमिशन्स’ म्हटलं की ॲपला काय काय हवंय ते एकाखाली एक येतं. त्यात ‘एसएमएस वाचणं’ आणि ‘एसएमएस स्वीकारणं’ दिसलं की पुढे खोलात जायची गरज राहत नाही. दंडाची पावती दाखवणाऱ्याला लोकांचे मेसेज वाचायचं काही कारण नाही.

यासाठी महागडा संगणक लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तरी भागतं; ‘टर्मक्स’ हे ॲप घेतलं तर बिनयुटिल्स फोनवरही चालतात. दोन्ही तालुक्यांतल्या विज्ञान शाखेच्या मुलांना आठवड्याचा एखादा तास यावर दिला, तर गावात कोणाकडे असा मेसेज आला की विचारायला जवळचा माणूस असेल.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांनी एवढं करावं. चलान आहे का ते परिवहन विभागाच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहावं. एपीके फाईल व्हॉट्सॲपवरून कधीही बसवू नये. बसवली असेल तर आधी इंटरनेट बंद करावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं आणि १९३० वर तक्रार नोंदवावी. आणि रागाच्या भरात तो मेसेज पुसून टाकू नये. तपास करणाऱ्याला आत डोकावायला ती फाईलच लागते.